पडदेताईंचा हात आणि धोक्याची पातळी

पडदेताईंनी बेकरीवालीला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "कॉलनीचे बॅडमिंटनचे सामने सुरू होतील तेव्हा मी कोर्टावर असेन. दुसरी जोडीदार शोधलीस तर याद राख."

हे सांगत होत्या तेव्हा त्यांचे दोन्ही दंड काखेपासून कोपरापर्यंत पट्ट्यांत आवळलेले होते आणि चहाचा कप बेकरीवालीनेच त्यांच्या ओठांशी धरला होता. आवाज मात्र असा, की रॅकेट घेऊन दारातच उभ्या आहेत. बेकरीवालीने मान डोलावली आणि कप जरा आणखी तिरपा केला. ती स्वभावाने सरळ बाई. तिने सांगितलं की जोडी जमव म्हणून बँकवाली तिच्या मागे लागली आहे, पण नावं द्यायच्या दिवसापर्यंत ती थांबेल. त्या दिवशी ताईंचा हात चालू झाला असेल तर ताई, नाहीतर बँकवाली.

पडदेताईंचं हे नाव कोणी ठेवलेलं नव्हतं, ते आपोआप पडलं होतं. आसपासच्या निम्म्या खिडक्यांना त्यांच्याच हातचे पडदे होते. नवऱ्याचा सुतारकामाचा कारखाना. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मिस्त्रींनी खिडकीवर दांडी ठोकायची आणि ताईंनी पडदा चढवायचा, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती.

काही वर्षांपूर्वी ताई चांगल्या भरदार होत्या. डॉक्टरांनी दटावलं म्हणून चालायला लागल्या, चालता चालता बॅडमिंटनच्या कोर्टापर्यंत पोचल्या आणि तिथेच रमल्या. वजन इतकं उतरलं की स्वतःचे कपडे त्यांनी दोनदा उसवून नव्याने शिवले. कपडे आत घेता आले, दंडाखालची कातडी कोण आत घेणार? पाहुणे निघून गेले तरी सतरंजी अंथरलेलीच राहावी, तशी ती लोंबत राहिली. शटल मारून झालं, रॅकेट थांबली, समोरच्या बाईने परत मारायची तयारी केली, तरी ताईंचा दंड आपला हलतोच आहे! शिवाय घासून घासून पुरळ उठे, आग होई. शेवटी शल्यचिकित्सकाने सांगितलं की जादा कातडी काढून टाकू आणि शिवून टाकू. ताईंना यात काहीच नवल वाटलं नाही. सैल बाहीला आतून टीप घालायची, उरलेलं कापड कापायचं. पट्टी पहिल्यांदा सुटली तेव्हा त्यांनी मान वाकडी करून शिवण बघितली आणि डॉक्टरांना शेरा दिला, "टाका बारीक आहे हो तुमचा."

घोटाळा झाला तो मात्र याच वेळी.

पट्टी सुटताना मिस्त्री शेजारच्या स्टुलावर बसले होते. आयुष्यभर करवतीशी खेळलेला माणूस, स्वतःच्या अंगठ्यात खिळा गेला तर दातांनी ओढून काढील. पण बायकोच्या हातावरची ती लांब शिवण दिसली मात्र, त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर सांगत होते, "खांद्याच्या वर हात न्यायचा नाही." एवढं वाक्य मिस्त्रींच्या कानात शिरलं आणि ते स्टुलावरून घसरले. डॉक्टरांचं पुढचं वाक्य होतं, "पहिले काही आठवडे. मग हळूहळू न्यायलाच हवा, नाहीतर खांदा आखडेल." हे वाक्य ऐकलं ताईंनी, परिचारिकेने आणि छताच्या पंख्याने. मिस्त्री तेव्हा फरशीवर होते.

घरी आल्यावर मिस्त्रींनी अवजारांची पेटी उघडली. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही म्हणजे नाही. डब्यांची फळी भिंतीवरून उतरून ओट्याखाली गेली. आरसा इतका खाली आला की भांग पाडायला गुडघे टेकावे लागत. कपडे वाळत घालायची दोरी कमरेला आली, त्यामुळे ओल्या चादरी फरशी पुसून घेऊ लागल्या. दाराची वरची कडी खाली आली. घड्याळसुद्धा गुडघ्याच्या उंचीवर लागलं. खरं म्हणजे किती वाजले हे बघायला कोणी हात वर करत नाही, पण मिस्त्री एकदा कामाला लागले की अर्ध्यावर थांबत नसत. पार्सल घेऊन आलेल्या माणसाने दारातून आत पाहिलं आणि विचारलं, "घरात लहान मूल आहे वाटतं?"

"नाही," मिस्त्री अभिमानाने म्हणाले, "बायको आहे."

ताईंना आधी गंमत वाटली, मग भरून आलं, आणि मग पाठ दुखायला लागली.

जखमा भरल्या. डॉक्टरांनी फिजिओकडे पाठवलं. ही मुलगी वयाने ताईंच्या भाचीएवढी, पण बोलायला हेडबाई. चालणं तर सुरूच होतं, आता हात उघडायची वेळ आली होती. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दोन्ही हातांची बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगी चढते तशी एकेक बोट पुढे टाकत वर न्यायची. जिथे ताण जाणवेल तिथे थांबायचं, खूण करायची, बोटं तशीच चालवत खाली आणायची. हात सहज जाईल त्या दिवशी खूण जरा वर सरकेल. नाही सरकली तरी बिघडत नाही. वजन उचलायचं नाही, झटका द्यायचा नाही, आणि व्यायामाआधी शिवणीवर मलम लावून बोटांनी हलकेच चोळायचं.

"आणि काकू, एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "ताण चालेल. कळ चालणार नाही."

ताईंनी त्याच संध्याकाळी बैठकीच्या भिंतीवर बोटं टेकवली. बोटं हनुवटीपर्यंत पोचतात न पोचतात तोच मिस्त्री घरात आले. हातातली पिशवी टाकून ते धावले आणि बायको व भिंत यांच्यामध्ये उभे राहिले.

ताईंनी सांगून पाहिलं. डॉक्टरांचं दुसरं वाक्य सांगितलं, फिजिओचं सांगितलं. मिस्त्रींचं एकच पालुपद, की डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं आहे.

"पुढचं तुम्ही ऐकलंच नाहीत. तुम्ही तेव्हा स्टुलाखाली होतात."

"स्टुलाखाली होतो म्हणून काय कान बंद होते?"

फिजिओला भेटायला चला म्हटलं तर मिस्त्री दवाखान्याच्या दारापर्यंत येत आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. न जाणो, कोणाची पट्टी दिसली तर! ताईंना त्यांचा रागही येईना. ज्या माणसाने आपल्यासाठी घड्याळ गुडघ्यावर आणलं, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

म्हणून त्यांनी दुसरी भिंत शोधली.

त्यांची इमारत चार मजली. चौथ्या मजल्यानंतर जिना आणखी एक वळण घेऊन गच्चीच्या दाराशी थांबे. तिथे एक लहानसा चौक होता, पलीकडे पाण्याची टाकी. फिकट पिवळ्या रंगाची, कोरी, उंच भिंत. तिथे कोणी फिरकत नसे. मिस्त्री कारखान्यात गेले की ताई शिवणीवर मलम चोळत, खिशात कापडावर खूण करायचा निळा खडू टाकत आणि वर जात. बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढत. ताण आला की थांबत. मग निळ्या खडूने एक बारीक आडवी रेघ, शिवणकामात मारतात तशी नेटकी. काही दिवसांत रेघांची शिडी दिसू लागली. नाकाची उंची गेली, भुवया गेल्या. एका सकाळी हात केसांच्या वर पोचला तेव्हा ताईंना वाटलं, आपण डोंगरच सर केला.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. मलम तेलकट होतं. जिथे जिथे बोटं टेकत, तिथे भिंत ते शोषून घेई आणि काळपट ठिपका उठे. निळ्या रेघांच्या दोन्ही अंगांना ओलसर दिसणाऱ्या ठिपक्यांच्या दोन माळा भिंतीवर चढत चालल्या होत्या.

आणि चौकात कोणी फिरकत नसे हेही पूर्ण खरं नव्हतं. संध्याकाळी एक माणूस येत असे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची सगळी नोकरी धरणावर गेली होती. भिंतीवरच्या खुणा पाहायच्या, पाणी कुठवर चढलं ते वर कळवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी हात शिवशिवत, म्हणून रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन ते टाकीतलं पाणी बघून येत. मुलं त्यांना धरणकाका म्हणत, आणि त्यांना ते आवडे. अशा माणसाला भिंतीवर एकावर एक चढत गेलेल्या आडव्या खुणा दिसल्या आणि शेजारी ओलसर ठिपके दिसले, तर तो काय समजणार? भिंतीत पाणी चढतं आहे. आणि कोणीतरी गुपचूप त्याची नोंद ठेवतं आहे.

ते तडक इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि भिंतीच्या खुणांबद्दल काही माहीत आहे का, असं विचारलं. सेक्रेटरींना काडीचंही माहीत नव्हतं. पण आपल्याला माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "आमचं लक्ष आहे."

झालं! धरणकाकांची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी ते फूटपट्टी आणि लाल रंगाची पेन्सिल घेऊन वर गेले आणि सगळ्यांत वरच्या निळ्या रेघेच्या चांगलं वीतभर वर त्यांनी एक ठळक लाल रेघ ओढली. रेघेच्या टोकाला एक लहान त्रिकोण काढला. धरणावर धोक्याची पातळी अशीच दाखवत. जाणत्याला तेवढं पुरे, घाबरटांना कळायला नको, म्हणून अक्षर एकही लिहिलं नाही.

सकाळी ताई आल्या आणि बघतच राहिल्या.

आपल्या खुणांच्या वीतभर वर दुसरीच खूण! लाल! म्हणजे या इमारतीत आणखी कोणाचं तरी हेच ऑपरेशन झालं आहे. तीही चोरून इथेच येते. आपण बोटाबोटाने चढतो आहोत आणि ही बया एका दमात इथवर पोचली! वर तो त्रिकोण काढून मिरवतेसुद्धा!

आता ताईंचं लक्ष व्यायामातून उडालं आणि बाह्यांवर बसलं. जिन्यात भेटेल त्या बाईचे दंड त्या न्याहाळू लागल्या. तळमजल्यावरची बाई बिनबाह्यांचे कपडे घाले, ती सुटली. पहिल्या मजल्यावरची नातवाला उंच उडवून झेलत होती, तीही सुटली. राहिल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई. त्या सदा पूर्ण बाह्यांत असत. ताई खिडकीचं माप घ्यायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेल्या. ग्रंथपालबाईंनी वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला स्टूल घेतलं. ताईंनी मनात नोंद केली. मग जवळ सरकून त्यांनी हळूच विचारलं, "तुमचंही झालं ना?"

ग्रंथपालबाई दचकल्या. त्यांनी खिडकी लावून घेतली.

"तुम्हाला कसं कळलं? कोणाला सांगू नका हं."

"छे, मी कशाला सांगते! त्रास होतो का अजून?"

"जेवताना जरा होतो."

घास तोंडाशी नेताना हात ताणत असणार, ताईंनी समजून घेतलं. त्यांनी ग्रंथपालबाईंच्या खांद्यावर सहानुभूतीने थोपटलं. बिचाऱ्या ग्रंथपालबाईंनी नव्या कवळीबद्दल सांगितलं होतं हे त्यांना पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

सहानुभूती वाटली खरी, पण लाल रेघ काही डोळ्यांसमोरून जाईना. ग्रंथपालबाई ताईंपेक्षा वयाने मोठ्या. कधी रॅकेट हातात धरलेली नाही. त्या पुढे आणि आपण मागे? दुसऱ्या सकाळी ताई भिंतीसमोर उभ्या राहिल्या त्या मुंगीसारख्या नव्हे, कुस्तीच्या आखाड्यात उतरावं तशा. बोटं भराभर चढली. ताण आला, त्या थांबल्या नाहीत. श्वास रोखला, टाचा उचलल्या, ओठ चावला, आणि लाल रेघेला बोट लागलं. नुसतं लागून समाधान होईना, म्हणून तिच्याही वर अर्धं बोट जाऊन त्यांनी निळी रेघ मारली. मनात आलं होतं की शेजारी एक चौकोन काढावा.

चौकोन काढायला हात हलला आणि उजव्या दंडात कळ आली. काखेपासून कोपरापर्यंत सरळ, शिवणीवरून कात्री फिरावी तशी. ताई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. शिवण उसवली की काय या भीतीने त्यांनी थेट फिजिओचा दवाखाना गाठला.

शिवण शाबूत होती. फिजिओने दोन्ही हात तपासले, सगळी हकीकत ऐकली आणि खुर्ची ओढून ती समोर बसली. ताईंना ती रागावलेली परवडली असती.

"काकू, तुमची शर्यत भिंतीशी पण नाही आणि शेजारणीशी पण नाही," ती म्हणाली. आठवडाभर भिंत बंद. नुसतं चालायचं, कोपरं वाकवायची, खांदे गोल फिरवायचे. आठवड्यानंतर हात डोक्याच्या वर बेताने गेला आणि कळ आली नाही, तर खेळायला परवानगी. तीही खालून शटल उचलण्यापुरती. वरून मारायचं नाव इतक्यात काढायचं नाही. आणि कळ आली तर यंदाचे सामने विसरायचे.

आठवडा संपत होता रविवारी. आणि नावं द्यायची होती त्याच रविवारी.

इकडे ताई मुकाट्याने खांदे फिरवत बसल्या आणि तिकडे इमारतीत काय झालं? संध्याकाळी धरणकाका वर गेले. निळी रेघ लाल रेघेच्या वर पोचलेली! धोक्याची पातळी ओलांडली! काकांनी उभ्या आयुष्यात असा प्रसंग धरणावर येऊ दिला नव्हता. ते पळत गच्चीवर गेले आणि त्या भिंतीतून उतरणाऱ्या नळाची चावी त्यांनी घट्ट आवळून टाकली. निम्म्या इमारतीचं पाणी बंद झालं. लोक संतापले. काकांनी त्यांना वर नेऊन खुणा दाखवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"बघा," काका म्हणाले, "चावी बंद केली आणि चढ थांबला. एक बोटभरसुद्धा वर गेलेलं नाही. आता तरी पटलं?"

सगळ्यांना पटलं. ताईंनी हात चालवणं थांबवलं होतं म्हणून खूण थांबली होती, हे कोणाच्या स्वप्नात येणार? सेक्रेटरींनी तर आपलं आधीपासूनच लक्ष होतं, असं चारचौघांत सांगून टाकलं. तळमजल्याच्या नळावरून बादल्या वर जाऊ लागल्या. मिस्त्री दोन्ही हातांत बादल्या घेऊन तीन मजले चढत, धापा टाकत. ताई मदतीला पुढे झाल्या की नजरेनेच त्यांना मागे सारत. ताईंच्या कानावर एवढंच आलं होतं की कुठलासा नळ गळतो आहे.

शनिवारी मिस्त्री घरी आले ते उत्साहात. रविवारी सकाळी भिंत फोडून आतला नळ बघायचा ठरलं होतं, आणि छिन्नी-हातोडा चालवायचा मान त्यांना मिळाला होता. "कुठली भिंत?" ताईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकून त्या जमिनीलगतच्या फळीवरचा डबा काढता काढता तशाच बसून राहिल्या.

आता काय करायचं? खरं सांगितलं तर मिस्त्रींना कळणार की आपण रोज चोरून हात वर नेत होतो, आणि वर दुखावूनही घेतला. मग ते गच्चीच्या दारालाच कुलूप ठोकतील. सामने गेले, बेकरीवाली गेली बँकवालीकडे. आणि गप्प राहिलं तर? चांगली भिंत फुटणार, आत काही सापडणार नाही, आणि मग हे लोक शेजारची भिंत फोडणार. ताईंना एका कुशीवर झोपता येत नव्हतं, आता दोन्ही कुशींवर झोप येईना.

रविवारी सकाळी जिना भरून गेला होता. पायरी पायरीवर माणूस, माणसाजवळ रिकामी बादली. बेकरीवाली आपल्या पावांची टोपली घेऊन आली होती, कारण गर्दी तिथे गिऱ्हाईक. धरणकाका लाल पेन्सिलीने फोडायची जागा आखत होते. मिस्त्रींनी छिन्नी टेकवली, हातोडा मागे नेला.

"अहो, थांबा," ताई म्हणाल्या. "ती ओल नाही."

"मग काय आहे?" धरणकाकांनी विचारलं.

"मी आहे."

कोणाला काही कळलं नाही, आणि शब्दांत सांगायला गेलं तर ताईंना ते जमलंही नसतं. त्या पुढे झाल्या. मिस्त्रींना हलकेच बाजूला सारून भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटं भिंतीवर टेकवली, त्या तेलकट ठिपक्यांवर बरोबर एकावर एक. मग एकेक बोट वर चालू लागलं. छाती. हनुवटी. नाक. मागे कोणीतरी "अगंबाई" म्हणालं. बोटं खांद्याच्या वर गेली तेव्हा मिस्त्रींच्या हातातला हातोडा खाली पडला आणि ते कठड्याला धरून डोलू लागले. ग्रंथपालबाई मोठ्या समयसूचक. त्यांनी धावत जाऊन घरातून स्टूल आणलं आणि मिस्त्रींच्या खाली सरकवलं.

ताईंची बोटं केसांच्या वर गेली. लाल रेघ अजून बरीच वर होती. ती डोळ्यांसमोर दिसत होती, तो त्रिकोणही दिसत होता. सगळी इमारत बघत होती. ताण आला. ताई थांबल्या.

थांबल्या तिथेच त्यांनी दोन मोठे श्वास घेतले. कळ आली नाही. शिवण नुसती ताणून शांत राहिली, नीट बसलेल्या बाहीसारखी.

"दुखतंय का?" स्टुलावरून मिस्त्रींनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"ताणतंय. दुखत नाही."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, खांद्याच्या वर..."

"पहिले काही आठवडे. तुम्ही तेव्हा खाली पडला होतात. मग हळूहळू न्यायलाच हवा, नाहीतर खांदा आखडेल. हेही त्यांनीच सांगितलं." ताईंनी हात तसाच ठेवून मान वळवली. "मी चोरून आले, ते चुकलं. एकदा त्या लाल रेघेपर्यंत ताणला आणि कळ आली, तेही चुकलं. पण हात वर नेला, ते नाही चुकलं."

मिस्त्री उठले, तोल सावरला, आणि कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ताईंच्या बोटांच्या टोकाशी भिंतीवर एक खूण केली. सुतार करतात तशी, बाणासारखी.

"डब्यांची फळी इथवर आणतो," ते म्हणाले. "याच्या वर नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा माप घेऊ."

बेकरीवालीने टोपली खाली ठेवली. "ताई, एवढा हात पुरे. वरचे मी घेते, खालचे तू घे. मी जाऊन नावं देऊन येते." आणि ती गेलीसुद्धा.

राहिले धरणकाका. त्यांचा चेहरा पाहून ताईंना वाईट वाटलं. आयुष्यभर पाणी मोजलेल्या माणसाने एका बाईचा हात मोजला होता. काकांनी भिंतीकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं, गच्चीवर जाऊन नळाची चावी उघडली, आणि मग गर्दीला उद्देशून ते म्हणाले की काही असो, धोक्याची पातळी मात्र त्यांनी बरोबर आखली होती, बाईंना कळ तिथेच आली. लाल रेघ ग्रंथपालबाईंची नव्हे, हे ताईंना आत्ता कळलं. त्यांनीही ते मान्य केलं. मग काकांनी सहज म्हणून स्वतःचा हात भिंतीवर चढवून पाहिला आणि तो जेमतेम हनुवटीपाशी अडला. कित्येक वर्षं त्यांनी पातळ्या पाहिल्या होत्या, खांदा कधी पाहिला नव्हता. तेव्हापासून ते फिजिओकडे जाऊ लागले, आणि त्या भिंतीवर निळ्या खुणांच्या खाली लाल खुणा हळूहळू चढू लागल्या. सेक्रेटरींचं दोन्हींवर लक्ष आहे.

मिस्त्रींच्या घरातली फळी दर आठवड्याला थोडी वर सरकली. जुन्या खिळ्यांच्या भोकांनी भिंत चाळणीसारखी झाली, पण मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. आरसा गुडघ्यांवरून उठला, दोरी कमरेवरून उठली. फक्त घड्याळ तेवढं खालीच राहिलं. दोघांनाही आता वाकून वेळ बघायची सवय झाली होती.

यंदाच्या सामन्यांत ताई सगळे शटल खालूनच उचलत राहिल्या आणि वरचे सगळे बेकरीवालीने घेतले. पहिल्याच फेरीत दोघी हरल्या, तेही बँकवालीकडून. ताईंना त्याचं दुःख फार झालं नाही, कारण कोर्टावर असेन असं त्यांनी म्हटलं होतं, जिंकेन असं म्हटलं नव्हतं.

पुढे कधीतरी फिजिओने वरून मारायलाही परवानगी दिली. त्या संध्याकाळी मिस्त्री कोर्टाच्या कडेला येऊन बसले. स्टूल त्यांनी घरूनच आणलं होतं. बेकरीवालीने मुद्दाम उंच, सोपं शटल दिलं. ताईंनी मान वर केली, पाय रोवले आणि हात उचलला. काय सुरेख गेला तो हात! खांद्याच्या वर, कानाच्या वर, सरळ आकाशात, कुठे ओढ नाही, कुठे कळ नाही. रॅकेटने हवेत मोठं गोलाकार वळण घेतलं. रॅकेट थांबली तसा दंडही लगेच थांबला.

शटल मात्र रॅकेटला न लागता खाली आलं, ताईंच्या डोक्यावर टपकलं आणि पायाशी पडलं.

मिस्त्री स्टुलावरून उठून टाळ्या वाजवत होते. "पाहिलंत?" ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते. "खांद्याच्या वर!"